पार्श्वभूमीत कोण आहे? : सिनेमातला उथळ फोकस आणि आपला जंगलपट्टा



आजचा विषय ऐकायला तांत्रिक वाटतो, पण तो आपल्या सगळ्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. सिनेमा पाहताना पुष्कळदा असं होतं, की नायिकेचा चेहरा लख्ख दिसतो, पापणीचा केस न् केस मोजता येतो, आणि तिच्यामागचा रस्ता, झाडं, दिवे, माणसं हे सगळं विरघळल्यासारखं पुसट होऊन जातं. छायालेखनाच्या भाषेत याला ‘शॅलो फोकस’ म्हणतात. आपण त्याला उथळ फोकस म्हणू. याच्या उलट, जवळचं आणि लांबचं सारखंच स्पष्ट दिसतं तेव्हा तो ‘डीप फोकस’, म्हणजे खोल फोकस.

या पुसटपणाने पाहणाऱ्याचं काय होतं, आणि ही रीत कशी घडत आली, एवढाच आजचा प्रश्न. तो चंद्रपूर-गडचिरोलीत बसून का विचारायचा, असं कुणी म्हणेल. त्याचं कारण आधीच सांगून टाकतो. आपले हे दोन जिल्हे चित्रात, बातमीत आणि सिनेमात बहुतेक वेळा पार्श्वभूमी म्हणून येतात. पुढे वाघ असतो, पोलीस असतो, डॉक्टर असतो, पुढारी असतो. मागे जंगल असतं आणि जंगलातली माणसं असतात. ज्याचं घरच पार्श्वभूमीत आहे, त्याने पार्श्वभूमी पुसट होते म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारायलाच पाहिजे.

भिंगाचा हिशेब

आधी थोडं भिंगाबद्दल. कोणत्याही भिंगाला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू अगदी नेमकी दिसते. त्या अंतराच्या थोडं अलीकडे आणि थोडं पलीकडे एक पट्टा असतो, जो आपल्या डोळ्याला चालून जाईल इतपत स्पष्ट असतो. या पट्ट्याला ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. हा पट्टा रुंद असेल की अरुंद, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं : भिंगाचं छिद्र किती उघडलं आहे, भिंग किती लांब पल्ल्याचं आहे, आणि वस्तू किती जवळ आहे. छिद्र मोठं, भिंग लांब पल्ल्याचं, वस्तू जवळ, की पट्टा अरुंद होतो. कॅमेऱ्यातल्या फिल्मचा किंवा सेन्सरचा आकारही मोजायचा असतो, पण तो आपण तूर्त नेहमीच्या स्थिर कॅमेऱ्याच्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा धरू.

आता आकडे पाहा. ५० मिलिमीटरचं भिंग घेतलं, माणूस दोन मीटरवर उभा केला आणि छिद्र एफ १.८ इतकं उघडलं, तर स्पष्ट पट्टा भरतो जेमतेम १७ सेंटीमीटर. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत, बस. तेच भिंग, तोच माणूस, पण छिद्र एफ १६ इतकं बारीक केलं, तर सुमारे दीड मीटरपासून सव्वातीन मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट. २४ मिलिमीटरचं रुंद भिंग एफ ८ वर ठेवून साधारण अडीच मीटरवर फोकस केला, तर सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं दिसतं. म्हणजे मागचं जग पुसायचं की ठेवायचं, हे जगाच्या हातात नसतं. ते कॅमेऱ्यामागे ठरतं. या कामासाठी सिनेमाच्या सेटवर एक स्वतंत्र माणूसच असतो, त्याला ‘फोकस पुलर’ म्हणतात. तो टेप लावून नटाचं अंतर मोजतो आणि नट हलला की भिंगाचं कडं फिरवतो. उथळ फोकसमध्ये त्याची बोटभर चूक झाली, तरी डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो.

डोळा आणि पडदा

काही जण म्हणतात, यात विशेष काय, आपला डोळाही असंच पाहतो. हे अर्धंच खरं आहे. इथे बसल्या बसल्या एक प्रयोग करू. हात लांब करा, अंगठा वर धरा आणि नखाकडे पाहा. तुमच्या डोळ्याला अगदी बारकाईने दिसणारा भाग जवळजवळ त्या नखाएवढाच आहे. बाकी सगळं कमीअधिक अंधुक आहे. तरी आपल्याला कधी वाटतं का, की जग अंधुक आहे? नाही वाटत. कारण डोळा एका सेकंदात दोन-तीनदा जागा बदलतो, आणि जिथे जातो तिथलं स्पष्ट होतं. डोळ्याचं अंधुक हे आज्ञाधारक असतं. आपण वळून पाहिलं, की ते उलगडतं.

आपल्या न्यायदर्शनाने हीच गोष्ट मनाबद्दल मांडली आहे. डोळे, कान, त्वचा सगळी एकाच वेळी उघडी असतात, तरी ज्ञान एका क्षणी एकाचंच होतं. यावरून मन अणुएवढं आहे, असं नैयायिक अनुमान काढतात. एका वेळी एकाच ठिकाणी पोचणारं असं ते मन. पाश्चात्त्य मानसशास्त्रात एडगर रुबिन या डॅनिश अभ्यासकाने १९१५ मध्ये आकृती आणि पार्श्वभूमी असा भेद मांडला. एकाच चित्रात कधी फुलदाणी दिसते, कधी समोरासमोर दोन चेहरे दिसतात, ते चित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. फुलदाणी दिसते तेव्हा चेहरे मागे जातात. पण मागे गेले म्हणून ते संपत नाहीत. क्षणभराने आपणच त्यांना पुढे आणू शकतो.

पडद्यावरच्या पुसटाची गोष्ट वेगळी आहे. तिथे आपण कितीही डोळे ताणले, तरी मागचा माणूस स्पष्ट होत नाही. आपल्या नजरेला तिथे प्रवेश नाही. आमच्या मते उथळ फोकसचा पाहणाऱ्यावर होणारा मूळ परिणाम हाच आहे. लक्ष देण्याचं काम, जे एरवी आपलं असतं, ते आपल्यासाठी कुणीतरी आधीच उरकून ठेवलेलं असतं. त्याचा आनंदही असतो, हे नाकारायचं कारण नाही. गर्दीतून एक चेहरा वेगळा निघतो, त्याच्या मनात शिरल्यासारखं वाटतं. फोकस पुढच्या माणसावरून मागच्या दारावर सरकला, की दार उघडण्याआधीच छातीत धडधड होते. हे सगळं खरं आहे, आणि चांगल्या दिग्दर्शकाच्या हातात ते सुंदर आहे. पण किंमत काय दिली, हेही पाहावं लागतं. जे पुसलं गेलं त्याच्याबद्दल कुतूहल वाटायची सवयच हळूहळू जाते.

फाळके ते प्रभात, आणि टोलंड

ही सवय सिनेमाबरोबर जन्मली नाही. सुरुवातीचा सिनेमा नाटकासारखाच होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात कॅमेरा बहुधा एका जागी उभा, पात्रं डोक्यापासून पायापर्यंत दिसणारी, आणि उजेड सूर्याचा. उन्हात छिद्र बारीक ठेवता येतं, त्यामुळे पुढचा राजा आणि मागचा दरबार दोन्ही दिसतात. प्रेक्षक आपल्या मनाने कुणाकडेही पाहू शकतो.

पुढे स्टुडिओ आले, कृत्रिम दिवे आले, बोलपट आले. तिसाव्या दशकातल्या दिव्यांच्या उजेडात भिंगाचं छिद्र बरंच उघडं ठेवावं लागे, आणि मागचं आपोआप मऊ होई. आधी ही तांत्रिक अडचण होती. मग तिचीच शैली झाली. चेहरा जवळून दाखवायचा, मागचं सोडून द्यायचं. आपल्याकडे प्रभातने पुण्याला आल्यावर १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ काढला. त्यात शांतारामबापूंनी टेलिफोटो भिंग वापरून राजगुरूचा डोळा पडदाभर दाखवला. हिंदी आवृत्तीतले चंद्रमोहन यांचे ते डोळे लोकांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहिले. ती धर्मांध सत्ता एका डोळ्यात मावली होती. तिथे पार्श्वभूमीची गरजच नव्हती, आणि तो निर्णय अचूक होता.

याच्या उलट टोकाला अमेरिकेत १९४१ मध्ये ‘सिटिझन केन’ आला. ऑर्सन वेल्स दिग्दर्शक, ग्रेग टोलंड छायालेखक. जास्त संवेदनशील फिल्म, लेप दिलेली रुंद भिंगं आणि प्रखर दिवे वापरून टोलंडने जवळचं-लांबचं एकदम स्पष्ट ठेवलं. खोलीत मोठी माणसं एका पोराचं भवितव्य ठरवताहेत आणि मागे खिडकीतून तेच पोर बर्फात खेळताना दिसतंय, हा प्रसंग त्यामुळेच अंगावर येतो. गंमत अशी, की त्यातली काही प्रसिद्ध ‘खोल’ दृश्यं एका झटक्यात घेतलेलीच नाहीत. एकाच फिल्मवर दोनदा छायांकन करून ती जुळवली आहेत. म्हणजे सगळं दिसणं हासुद्धा एक रचलेला परिणाम असू शकतो. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ याने पुढे खोल फोकसची तात्त्विक बाजू मांडली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की खोल फोकसमध्ये प्रेक्षकाला स्वतः निवड करावी लागते, आणि वास्तवातली संदिग्धता शाबूत राहते. बाझँ जरा जास्तच आशावादी होता. खोल चित्रातही उजेड, हालचाल, मांडणी यांतून दिग्दर्शक नजर वळवतोच. पण पळवाट उघडी राहते, एवढं मात्र खरं.

आपला प्रेक्षक कुठून आला

आता आपल्या भागाकडे येऊ. आपल्या झाडीपट्टीतला प्रेक्षक पडद्यासमोर बसण्याआधी कुठे बसत होता? तो दंडारीत बसत होता, खडीगंमतीत बसत होता, आणि झाडीपट्टीच्या नाटकाला बसत होता. आजही दिवाळीनंतर धान घरात आलं, की मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव नाटकं लागतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचं माहेरघर. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती एका अर्थी या सगळ्या परंपरेला मिळाली.

झाडीपट्टीच्या मंडपात फोकस नावाची गोष्टच नाही. नायक रडत असतो आणि कोपऱ्यातला विनोदी नट नुसत्या उभं राहण्याने हशा घेत असतो. पेटीवाला दिसतो, तबलजी दिसतो, विंगेत पुढच्या प्रवेशाला तयार उभी असलेली नटीही दिसते. कुणाकडे पाहायचं हे प्रेक्षक ठरवतो, आणि हजारभर प्रेक्षक एकाच क्षणी हजार ठिकाणी पाहू शकतात. मार्कंड्याला वैनगंगेच्या काठावरच्या देवळाच्या भिंती आठवा. तिथे देव, नर्तकी, हत्ती, योद्धे सगळे सारख्याच छिन्नीने कोरलेले आहेत. लांबचा म्हणून कुणी पुसट कोरलेला नाही. लहान-मोठा असा भेद आहे, पण पुसट कुणी नाही. आपल्याकडच्या जुन्या दृश्यकलेत महत्त्व आकाराने सांगतात, स्पष्टतेने नाही. त्यामुळे किरकोळ माणूससुद्धा पाहणाऱ्याच्या नजरेला उपलब्ध राहतो.

जुनी कला समतेची होती, असं मात्र आम्हाला म्हणायचं नाही. देवळात कुणाला जाता येई आणि कुणाला नाही, हे आपण सगळे जाणतो. मुद्दा पाहण्याच्या रीतीपुरता आहे. आपला प्रेक्षक स्वतः नजर फिरवायला शिकलेला होता, आणि उथळ फोकसने त्याला बसल्या जागी नजर सोपवायला शिकवलं.

चेंदरू

आपल्या सीमेपलीकडे, बस्तरात, १९५० च्या दशकात एक मोठा कॅमेरा आला. अर्ने सुक्सडॉर्फ हा स्वीडिश दिग्दर्शक. निसर्गपटांसाठी नावाजलेला, लघुपटासाठी ऑस्कर मिळवलेला. त्याने नारायणपूरजवळच्या गढबेंगाल गावात राहून मुरिया गोंडांवर रंगीत, रुंद पडद्याचा चित्रपट केला. तो १९५७ मध्ये आला. संगीत रविशंकरांचं. त्यात चेंदरू नावाचा मुरिया मुलगा होता आणि त्याच्याबरोबर वाघ होता. मुलगा आणि वाघ यांची ती जोडी जगभर गाजली. त्यावर छायाचित्रांचं पुस्तक निघालं, चेंदरू स्वीडनलाही जाऊन आला. मग तो गावी परतला, आणि बाकीचं आयुष्य त्याने साध्या गरिबीत काढलं. २०१३ मध्ये तो वारला.

इथे फोकस हा शब्द आम्ही भिंगाच्या अर्थाने घेत नाही, निवडीच्या अर्थाने घेतो आहोत. काही वर्षं जगाला बस्तरातला एक मुलगा अगदी स्पष्ट दिसला. पण त्याच्या मागचं गाव, त्या गावाचं जंगलावरचं राबणं, वनखात्याशी असलेलं नातं, पोराच्या पुढच्या आयुष्याची व्यवस्था, हे त्या चित्राच्या पट्ट्याबाहेर राहिलं. आणि कॅमेरा हलला तसा तो मुलगाही पट्ट्याबाहेर गेला. फोकस मिळणं आणि दिसणं यांत किती अंतर आहे, हे चेंदरूच्या आयुष्याइतकं स्पष्ट क्वचितच कळतं.

वाघाचे मिशांचे केस

आता ताडोबा. १९५५ मध्ये झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आज गाभा सुमारे सव्वासहाशे चौरस किलोमीटर आणि बफर अकराशेच्या आसपास. इथला वाघ हा बहुधा देशातल्या सर्वांत जास्त टिपल्या जाणाऱ्या चेहऱ्यांपैकी एक असेल.

मघाचा हिशेब इथे लावून पाहा. ४०० मिलिमीटरचं भिंग, छिद्र एफ ४, वाघ तीस मीटरवर. स्पष्ट पट्टा भरतो सव्वा-दीड मीटरचा. वाघ समोरून चालत येत असेल, तर तोंड आणि खांदे स्पष्ट, शेपटीकडचा भाग मऊ, आणि मागचं जंगल म्हणजे नुसता हिरवा-पिवळा रंग. मिशांचा केस न् केस दिसतो, पण ते झाड सागाचं आहे की मोहाचं, हे सांगता येत नाही. लांब भिंगाशिवाय वाघाचा फोटो निघत नाही, तेव्हा यात छायाचित्रकाराचा दोष काढण्यात अर्थ नाही. प्रश्न अशा लाखो चित्रांच्या एकत्रित परिणामाचा आहे. ती पाहून पाहून शहरातल्या माणसाच्या मनात जंगल तयार होतं, ते रिकामं जंगल असतं. त्यात वाघ आहे आणि रंग आहे. माणूस नाहीच.

प्रत्यक्षात काय आहे? वाघ दिसायचे सर्वांत चांगले दिवस कोणते, हे कोणताही गाइड सांगेल : एप्रिल आणि मे. पाणवठे आटतात, वाघ पाण्यावर येतो. आणि बफरमधल्या, ब्रह्मपुरीकडच्या, वडशाकडच्या जंगलातल्या बाया पहाटे मोहफुलं वेचायला निघतात, तो काळ कोणता? मार्च-एप्रिल. तेंदूपत्त्याचा हंगाम? मे. म्हणजे जिप्सीत भिंग रोखून बसलेला पर्यटक आणि मोहाखाली वाकून टोपली भरणारी बाई, हे एकाच जंगलपट्ट्यात, एकाच पहाटे आहेत. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं जंगलात काम करणारे सांगतात. हल्ले होतात, माणसं मरतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते, तेव्हा शहरातला वाचक विचारतो, “पण ती बाई वाघाच्या जंगलात गेलीच कशाला?” हा प्रश्न क्रूर माणसाचा नाही. तो अशा माणसाचा आहे, ज्याने पाहिलेल्या एकाही चित्रात ती बाई कधी नव्हतीच. कोळसा, बोटेझरी, जामणी, नवेगाव ही गावं पुनर्वसनाच्या चर्चेत आली, तेव्हाही पुष्कळांना प्रथमच कळलं, की गाभ्यात गावं होती.

आणि हे नाव तरी कुठून आलं? ताडोबा हे तारू या गोंड पुरुषावरून आलं, असं इथे परंपरेने सांगतात. तारू वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला, तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. म्हणजे या जंगलाच्या नावातच माणूस आणि वाघ एकाच चौकटीत आहेत, आणि दोघंही स्पष्ट आहेत. लोककथेने ठेवलेली ही खोली भिंगाने घालवली.

जंगलात आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. गाइड वाघ डोळ्यांनी शोधत नाही, आधी कानांनी शोधतो. चितळाचा कॉल येतो, वानर खोकल्यासारखं ओरडतं, मग जिप्सी वळते. दाट झाडीत नजर दहा-वीस मीटरवर अडते, कान मात्र पार पलीकडे पोचतो. सिनेमातही तसंच आहे. भिंग मागचं पुसतं, पण आवाज पुसला जात नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

मागची भिंत

मराठी सिनेमातली दोन उदाहरणं घेऊ. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, २०१३ चा. शेवटाकडे जब्याचं कुटुंब मारलेलं डुक्कर काठीला बांधून खांद्यावरून नेतं. मागे शाळेची भिंत आहे. भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत, गाडगेबाबा आहेत. कुणी संवाद बोलत नाही, कुणी बोट दाखवत नाही. पुढे खांद्यावरचं ओझं, मागे भिंतीवरची चित्रं. आता कल्पना करा, छायालेखकाने छिद्र उघडं ठेवलं असतं आणि जब्याचा चेहरा सुंदर, मागचं सगळं मऊ केलं असतं. आपल्याला एका मुलाचं दुःख दिसलं असतं. त्या दुःखामागचा शतकभराचा इतिहास दिसला नसता. त्या दृश्याचा अर्थच पार्श्वभूमीत आहे.

दुसरा चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, २०१४ चा, पुढे राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका केली नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. ते २०२१ मध्ये गेले. ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा लांब आणि बहुधा स्थिर आहे. आरोपीवर खटला चालू असतो, आणि त्याच चौकटीत पुढच्या खटल्याची वाट पाहणारी माणसं, कारकून, पोलीस बसलेले असतात. तिथे आपल्याला कंटाळाही येतो. पण त्या कंटाळ्यातच कळतं, की न्याय ही एकट्या नायकाची लढाई नाही, ती एक खोली आहे आणि तिच्यात पुष्कळ लोक ताटकळत बसलेले आहेत.

हेमलकशावर २०१४ मध्ये आलेला प्रकाश आमटे यांचा चरित्रपट आपण सगळ्यांनी पाहिला आहे. चरित्रपटाचा धर्मच असा, की एक माणूस पुढे राहतो. तो तसा राहावा, यात वावगं काही नाही. पण माडियांच्या घरातून पाहिलेला हेमलकसा अजून पडद्यावर यायचा आहे, आणि तो येईल तेव्हा भिंग वेगळं लागेल.

पुसटपणाची दुसरी बाजू

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल, की खोल फोकस नैतिक आणि उथळ फोकस अनैतिक. असं म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. हंगेरीच्या लास्लो नेमेश यांचा ‘सन ऑफ सॉल’ हा २०१५ चा चित्रपट आऊश्वित्झच्या छळछावणीत घडतो. गॅसने मारलेल्यांची प्रेतं हलवायला लावलेल्या एका कैद्याच्या मागे कॅमेरा सतत चिकटून असतो. त्याचा चेहरा आणि खांदे एवढंच स्पष्ट. भोवतीचा संहार जवळजवळ सगळा पुसट. तरी तो चित्रपट पाहणं असह्य होतं, कारण आवाज पुसलेला नाही. किंकाळ्या, दारं, हुकूम, अनेक भाषांतली कुजबुज, सगळं कानावर आदळतं. नेमेश यांनी प्रेतांचा देखावा करायला नकार दिला आणि तरी ती आपल्या डोक्यात उभी केली. तिथला पुसटपणा म्हणजे विसरणं नव्हे. आपण पाहू शकत नाही, याची जाणीव तो क्षणोक्षणी देतो.

म्हणजे फरक भिंगात नाही, पुसटाशी ठेवलेल्या नात्यात आहे. एक पुसट म्हणतं, मागे काही महत्त्वाचं नाही. दुसरं म्हणतं, मागे इतकं आहे की तुला पेलणार नाही. पहिल्याने आपण निवांत होतो, दुसऱ्याने अस्वस्थ. प्रेक्षकाने हा भेद ओळखायला शिकावं, असं आम्हाला वाटतं.

आणि हे आता तातडीचं झालं आहे, कारण उथळ फोकस प्रत्येकाच्या खिशात आला आहे. २००८ मध्ये व्हिडिओ घेणारे मोठ्या सेन्सरचे स्थिर कॅमेरे आले आणि थोड्याच वर्षांत आपल्याकडच्या लग्नांच्या शूटिंगमध्येही मागचा मांडव विरघळू लागला. २०१६ च्या सुमारास फोनमध्ये पोर्ट्रेट मोड आला. फोनचं भिंग इतकं लहान असतं, की त्याला मागचं फारसं पुसता येत नाही. मग यंत्र हिशेबाने ठरवतं, की हा चेहरा विषय आणि बाकी पार्श्वभूमी, आणि मागचं नंतर पुसून टाकतं. म्हणजे भिंगाला आधी सगळं दिसलेलं असतं. पुसणं हा नंतरचा निर्णय आहे, आणि तो आपल्यावतीने यंत्र घेतं. लग्नात वरमाय पुढे असते आणि मागे पंगतीत वाढणारी माणसं असतात. पन्नास वर्षांनी तो फोटो पाहणाऱ्याला त्या दिवशी कोण वाढत होतं, हे कळणार नाही. जुन्या, खोल, थोड्या कळकट फोटोंत ते आजही कळतं. घरातला एखादा जुना फोटो काढून पाहा. दारात उभी असलेली, कुणी बोलावलेली नसलेली, चौकटीत चुकून आलेली माणसं त्यात सापडतील. आपल्या भागाच्या सामाजिक इतिहासाला ती माणसं फार मोलाची आहेत.

तेव्हा आमची विनंती साधी आहे. पडद्यावर मागचं पुसट झालं, की मनात एवढंच विचारा, तिथे कोण असेल? आणि आपल्या तरुण मुलांपैकी जे फोन घेऊन लघुपट करताहेत, वडशाला, आरमोरीला, अहेरीला, मूलला, त्यांनी चेहरा जरूर जवळून घ्यावा. पण निदान एक दृश्य असं घ्यावं, ज्यात मोहाचं झाड, टोपली, बाई, मागची पायवाट आणि पायवाटेच्या पलीकडचं रान हे सगळं एकदम स्पष्ट दिसेल. फोनच्या लहान भिंगाला ते उन्हात सहज जमतं. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न असतील तर घेऊ.